कमी पडतं म्हणायची तालीम

कढईत पहिला जुळा पापड फुलला तेव्हा मी हसले आणि खाऊन टाकला. दुसरा फुलला तेव्हा हसू आलं नाही. तिसरा वर आला तसा मी झारा खाली ठेवला आणि तरातरा अंगणात गेले, कारण पापड आपणहून एकमेकांना मिठी मारत नाहीत.

आमचा कारखाना क्रुपुकचा, म्हणजे कोळंबीच्या पापडांचा. पिठाचे लोळे वाफवायचे, गार झाले की चकत्या कापायच्या, त्या बांबूच्या तट्ट्यांवर एकेक करून उन्हात मांडायच्या आणि खडखडीत वाळल्या की माझ्याकडे तळायला पाठवायच्या. मांडायचं काम कासियेमचं. तिला सगळे यू म्हणतात. यू म्हणजे ताई, पण तिच्याहून मोठ्या बायकाही तिला यूच म्हणतात, इतकी ती पहिल्यापासून सगळ्यांची ताई. तिनं मांडलेला तट्टा नुसता बघत राहावा असा असायचा, चकतीला चकती कधी लागायची नाही. आणि आता त्याच तट्ट्यावर चकत्या एकमेकींच्या मांडीवर बसल्या होत्या.

यू पुढची चकती एका हातात धरून दुसऱ्या हातानं तट्टा चाचपत होती.

“काय शोधतेस गं यू?”

“जागा.”

“अख्खा तट्टा मोकळा पडलाय समोर.”

“हो? बरं झालं बाई सांगितलंस.”

मी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. उजवा डोळा शिजलेल्या माशाच्या डोळ्यासारखा पांढरा झाला होता. डाव्यावरही साय धरायला लागली होती. जन्मभर पांढऱ्या चकत्या भर उन्हात मांडत बसली, त्या डोळ्यांनी तरी काय करावं!

“दिसतं का तुला?”

“दिसतंय की. चुकुप.”

इथेच माझं डोकं फिरतं. चुकुप म्हणजे पुरेसं. आमच्या गावात कुणालाही काहीही विचारा, उत्तर हेच. घरात तांदूळ आहे का? चुकुप. मुलगा दूर कालिमंतान बेटावरून पैसे पाठवतो का? चुकुप. छप्पर गळतं का? चुकुप, म्हणजे पुरेसं गळतं. याच्या उलट शब्द कुरांग, कमी पडतं. तो आम्ही फक्त भाजीत मीठ घालताना वापरतो. एरवी कुणी कुरांग म्हणालं, तर देवाला मापं घेता येत नाहीत असं म्हटल्यासारखं होतं. मला हा शब्द म्हणता येतो, म्हणून गावात मला उर्मट म्हणतात. वार्तिनीच्या तोंडाला कढईतलं तेल लागलंय, असं म्हणतात. म्हणोत.

यूला मी ओढतच आरोग्यकेंद्रात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, भराभरा बोलली. मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया सोपी आहे, शहरातल्या रुग्णालयात होते, आरोग्यकार्ड असेल तर फुकट. कार्ड नसेल तर किती, हे तिनं सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठले आणि उभी असलेली यू त्याच खुर्चीत बसली.

“उशीर करू नका,” डॉक्टरीण म्हणाली. “पुढच्या ईदेपर्यंत डावा डोळाही गेलेला असेल.”

बाहेर आल्यावर यू म्हणाली, “ईदेला अजून वेळ आहे.”

“यू!”

“अगं, म्हणजे चुकुप वेळ आहे.”

मी तिला तिथेच सोडून घरी जाणार होते. पण तिला रस्ता ओलांडता येत नव्हता.

आमच्या मालकीणबाई म्हणजे बू रोकायाह. बू म्हणजे आई किंवा बाईसाहेब, ज्याला जे सोयीचं पडेल ते. ती हज करून आली तेव्हापासून ताठ चालते, पण बाई वाईट नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल. कुणाच्या घरी मयत झालं तर पहिला तांदूळ तिचा येतो. ईदेला प्रत्येकीला काही ना काही देते. फक्त मजुरीचा विषय काढला की तिचे डोळे भरून येतात आणि ती म्हणते, “अगं, इथे कुणी कामगार आहे का? आपण सगळे एक कुटुंब आहोत.” मग आम्हीच तिला पाणी आणून देतो आणि विषय राहून जातो.

यूच्या डोळ्याचं सांगायला मी तिच्याकडे गेले, तर ती नुकतीच जिल्ह्याच्या सभागृहातल्या एका शिबिरातून आली होती. मालकांनी आपल्या गरीब माणसांना सरकारी मदतीपर्यंत कसं पोचवावं, या विषयावरचं शिबिर. येताना तिनं एक प्रमाणपत्र, एक खोकं भरून जेवण आणि भयंकर उत्साह आणला होता.

“वार्तिनी, देवानंच पाठवलं गं तुला!” ती म्हणाली. “यूला कार्ड मिळवून देते की नाही बघच तू. सरकार गरिबांना फुकट देतं. फक्त आपण गरीब आहोत हे त्यांना कळलं पाहिजे.”

“अजून कळलं नाही त्यांना?”

“कळवावं लागतं! तेच तर शिकवलं दिवसभर.”

दुसऱ्याच दिवशी पिठाच्या पोत्यांशेजारी एक प्लास्टिकचं टेबल आलं, त्यावर प्लास्टिकची फुलं, वर भिंतीला चौकटीतलं प्रमाणपत्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘मदत कक्ष’. दर शुक्रवारी नमाजानंतर बू तिथे बसून राहायची आणि कुणीतरी मदत मागायला येईल म्हणून वाट बघायची. कुणीच जायचं नाही. सगळ्यांचं चुकुप होतं. शेवटी तिनं सगळ्यांना कोरे करकरीत सदरे वाटले, हिरवे, छातीवर ‘मदत हा माझा हक्क’ असं छापलेले. यूला त्यातला सगळ्यात मोठा मिळाला, कारण तिला माप वाचता आलं नाही.

अर्ज बूनंच भरला. मग ग्रामकचेरीतून पाहणी करायला पाक हार्सोयो येणार असं कळलं. पाक म्हणजे साहेब म्हणा, काका म्हणा. किडकिडीत माणूस, डोक्यात मोटारसायकलचं शिरस्त्राण घालूनच घरात शिरतो आणि फोनमध्ये बघून प्रश्न विचारतो. प्रश्न सरकारचे, उत्तरांवर नुसती टिचकी मारायची, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर कधी काही उमटत नाही.

मी यूला आदल्या दिवशी बजावलं होतं. “हे बघ, तो गरिबी बघायला येतोय. काही मांडामांड करू नकोस.”

“नाही गं.”

आणि सकाळी मी तिच्या घरी पोचते तर नारळाच्या दुधात कोंबडी रटरटत होती. तिच्याकडची एकुलती एक कोंबडी! आंधळी होत चाललेल्या बाईनं ती पकडली कशी, हे मला आजवर कळलेलं नाही.

“यू, हे काय?”

“पाहुणा येतोय ना गं. लांबून येतोय. उपाशी पाठवू?”

“तो आठवड्यातून किती वेळा मांस खाता ते विचारणार आहे!”

“मग त्याला वाढायला नको का?” ती म्हणाली. मी लिंबाची फोड कापून ताटात ठेवली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पाक हार्सोयो आला. शिरस्त्राण घालूनच जेवला. एक तंगडी हातात आणि दुसऱ्या हातात फोन, अशा थाटात त्याची पाहणी झाली. घराला फरशी आहे का? होती, हिरव्या फुलांची, चकचकीत, बूनं हजवरून आल्यावर पाहुण्यांसाठी जो पक्का मांडव बांधला त्यातली उरलेली, ईदेची भेट. फ्रीज? होता, बूच्या घरातला जुना, कधीच चालू न होणारा. त्यात यूचे कपडे असायचे. नवे कपडे वर्षातून कितींदा घेता? यू अंगावरच्या कोऱ्या सदऱ्यात उभी होती, छातीवर हक्क. मांस? पाकनं तोंडातला घास गिळला आणि टिचकी मारली.

“काम?”

“बू रोकायाहकडे मदतीला जाते.”

“शेजारधर्म,” पाक पुटपुटला आणि पुढे गेला. “घरच्या गरजा भागतात का? पुरेसं की कमी?”

मी दारातून डोळे वटारले, पण तिला दिसायला नको?

“चुकुप, पाक. अल्हमदुलिल्ला. आणखी घ्या ना, रस्सा तरी घ्या.”

पाकनं रस्सा घेतला आणि अर्ज फेटाळला. फेटाळताना आशीर्वाद देऊन गेला, म्हणाला, अशी समाधानी माणसं हल्ली राहिली नाहीत.

बू रोकायाहला हे कळलं तेव्हा ती मदत कक्षात कपाळाला हात लावून बसली.

“फरशी माझी, फ्रीज माझा, सदरा माझा,” ती म्हणाली. “वार्तिनी, मीच तिला श्रीमंत केलं गं!”

“आता परत गरीब करा,” मी म्हटलं. चिडून म्हटलं होतं. पण बूला ते पटलं.

त्यानंतर जे झालं त्याला गावात अजून लोक हसतात. आधी फ्रीज निघाला. कारखान्यातली चार माणसं तो खांद्यावर घेऊन भर रस्त्यातून निघाली, मागे यू आपले कपडे छातीशी धरून चालतेय आणि त्यामागे बू, हातात छत्री. वाटेत लोक अदबीनं कडेला उभे राहिले. त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. मग फरश्या उखडल्या. यू कोपऱ्यात उभी राहून प्रत्येक फरशी हातानं पुसून द्यायची, परत करायच्या तर स्वच्छ असाव्यात म्हणून. फरश्यांखालून सिमेंट निघालं.

“सिमेंट!” बू किंचाळली. “या बाईकडे सिमेंट आलं कुठून?”

“तुम्हीच दिलं होतंत,” यू म्हणाली, “फरशी बसवायला.”

मातीची जमीन पाहिजे होती. बूनं स्वतःच्या कोळंबीच्या तळ्यातला गाळ गाडीभरून आणला आणि सिमेंटवर पसरवला. घराला समुद्राचा वास सुटला. यू अनवाणी त्या गाळावरून चालायची आणि म्हणायची, थंडगार वाटतं हो पायांना. मला रडावं की तिला बदडावं कळेना. ज्या बाईचे डोळे जातायत तिच्या पायाखालची जमीनही आम्ही काढून घेतली होती, आणि तीच आमची समजूत घालत होती.

पण खरी अडचण त्या शब्दाची होती. फरशी उखडता येते, जीभ कशी उखडणार?

“तालीम घेऊ,” बू म्हणाली.

शुक्रवारी सगळ्या बायकांना पोत्यांवर बसवलं. बू पुढे उभी, हातात पीठ ढवळायचा दांडा.

“मी विचारणार, तुम्ही उत्तर द्यायचं. घरात तांदूळ?”

“चुकुप!” सगळ्या एका सुरात.

“नाही! कुरांग! म्हणा, कुरांग!”

बायका एकमेकींकडे बघून ओढणीत हसायला लागल्या. कुणीतरी इतकं हळू म्हणालं की नुसते ओठ हलले. बू ओरडली, “मोठ्यानं! लाज कसली? सरकार आहे ते, जावई नाही!”

हळूहळू जमलं. दुसऱ्या शुक्रवारपर्यंत तर बायकांना चटकच लागली. तेल? कुरांग! मीठ? कुरांग! झोप? कुरांग! नवऱ्याचं लक्ष? कुरांग, कुरांग! पोती हलायला लागली. घरी जाऊन त्या हा शब्द म्हणायला लागल्या आणि दोघींचे नवरे बूकडे तक्रार घेऊन आले. फक्त यूचं जमेना. ओठ पुढे यायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची, सुरुवातीचा ‘कु’ ऐकू यायचा, आणि मग बाहेर यायचं चुकुप.

“यू, डोळा पाहिजे ना तुला?” बू तिच्यापुढे उकिडवी बसून म्हणाली. तिचा आवाज खरंच कापत होता. “एक शब्द म्हण गं राणी. माझ्यासाठी.”

“म्हणते की, बू,” यू म्हणाली. “पण खरं नको का असायला?”

“डोळे चाललेत तुझे!”

“दुसरा आहे ना अजून.”

मी तिला म्हटलं, “भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणतेस ना? तसंच म्हण.”

“ते मी घातलेलं असतं,” यू म्हणाली. त्या दिवशी मला ते नुसतं हट्टीपणाचं वाटलं.

बूनं पुन्हा भरलेल्या अर्जाची पाहणी करायला पाक हार्सोयो दुसऱ्यांदा आला तेव्हा आम्ही सगळ्या खिडकीबाहेर उभ्या होतो, हिरवे सदरे उलटे घालून. बू आत दाराशी उभी, साक्षीदार म्हणून. घर बघण्यासारखं झालं होतं. फ्रीज नाही, फरशी नाही, यूच्या अंगावर माझा फाटका झगा. पाक दारातच थांबला आणि पायाखाली बघायला लागला.

“मागच्या वेळी फरशी होती.”

“गेली,” बू म्हणाली.

“कुठे?”

“गरिबीत.”

पाकनं टिचकी मारली. मग आत येऊन बसला, म्हणजे गाळात उकिडवा बसला. “पाळीव जनावरं?”

“आता नाहीत,” यू म्हणाली. “एक होती, ती तुम्ही जेवलात.”

तेवढ्यात पाकच्या बुटाशेजारी जमीन हलली. आधी एक नांगी वर आली, मग दुसरी, आणि तळ्यातला एक लठ्ठ खेकडा बाहेर पडून घराची पाहणी करायला लागला. पाक त्याच्याकडे बघत राहिला. मग फोनकडे बघितलं.

“हे पाळलंय का?”

“नाही, नाही!” बू म्हणाली. “आपलं आपण आलंय.”

“पाहुणा आहे,” यू म्हणाली, आणि तिचा हात सवयीनं चुलीकडे गेला. मी खिडकीतून ओरडले, “यू, काही शिजवू नकोस!”

पाकनं खेकडा ‘इतर’ मध्ये टाकला आणि मुद्द्यावर आला. “घरच्या गरजा. पुरेसं की कमी?”

दाराशी बूनं ओठांचा चंबू केला. यूनं मान वर केली, डोळे मिटले.

“कु...” ती म्हणाली. “चुकुप.”

बूनं कपाळ बडवलं. पाकनं टिचकी मारली. तांदूळ? चुकुप. पाणी? चुकुप. झोपायला जागा? चुकुप, आता तर मऊ आहे. एकेका टिचकीबरोबर यूचा डोळा लांब चाललाय असं मला दिसत होतं. ईद तोंडावर आली होती.

“शेवटचं,” पाक म्हणाला. “मिळकत कुठून?”

“बूकडे मदतीला जाते.”

मला राहवलं नाही. “मदतीला?” मी खिडकीतून अर्धी आत आले. “माझं लग्न व्हायच्या आधीपासून ती तिथे पापड मांडतेय! सूर्य वर येतो तेव्हा बसते आणि उतरतो तेव्हा उठते! हिला मदत म्हणतात का, पाक?”

पाकनं पहिल्यांदा फोनवरून नजर काढली. “पैसे मिळतात?”

“तट्ट्यावर,” यू म्हणाली. “जितके तट्टे तितके.”

“अच्छा. म्हणजे मजुरी.” त्यानं फोनवर खाली खाली बोट फिरवलं, नवा प्रश्न सापडला. “मजुरी. पुरेसं की कमी?”

यूचा जमीन चाचपणारा हात थांबला. खेकडाही थांबला असं मला वाटतं. आणि दाराशी बू रोकायाह, त्या एका शब्दाच्या मागे इतकी लागलेली की प्रश्न काय आहे हे तिच्या कानात शिरलंच नाही, ती दोन्ही हात वर करून, ओठ पुढे काढून यूला सुचवत होती: कु, कु, कु...

“कुरांग,” यू म्हणाली.

स्वच्छ म्हणाली. घंटा वाजावी तशी. आणि खिडकीबाहेरच्या बायका, ज्यांना पोत्यांवर बसवून हेच शिकवलं होतं, त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, “कुरांग!” सगळ्यांचं एकदम. समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले.

“शाब्बास!” बू टाळ्या वाजवायला लागली. “शाब्बास माझी वाघीण! जमलं की नाही?” मग टाळ्या मंदावल्या. मग थांबल्या. “काय विचारलं होतं त्यांनी?”

शेवटी यूनंच सांगितलं. “मजुरी पुरते का म्हणाले, बू.”

“आणि तू... मला म्हणालीस? कासियेम, मला?”

“बू, तांदूळ, पाणी, घर, हे देवानं दिलंय. त्याला कमी कसं म्हणू? मजुरी तुम्ही देता.”

बूचे डोळे भरले. या वेळी कुणी पाणी आणायला धावलं नाही. “मी इतकं केलं,” ती म्हणाली, “फरशी दिली, परत काढली, स्वतःच्या तळ्यातला गाळ दिला! पाक, तुम्हीच सांगा, मी यांना कधी कामगार मानलं नाही. कुटुंब मानलं कुटुंब!”

पाक हार्सोयोचं बोट फोनवर अडलं. “थांबा. कुटुंब?”

“सख्खं!”

“मग हा अर्ज एकत्र करावा लागेल. तुमची गाडी, तुमचं तळं, कारखाना, हजचा मांडव, सगळं या बाईंच्या नावापुढे लागेल. मग या गावातल्या सगळ्यात श्रीमंत बाई झाल्या.”

“नको, नको! तसं कुटुंब नाही.”

“मग कसं?”

“म्हणजे... कामाला आहे.”

“कामगार?”

बूच्या तोंडातून तो शब्द येईना. यूच्या कुरांगसारखीच तिची शीर ताठ झाली. मला क्षणभर तिची कीव आली, खोटं नाही सांगत.

“कामगार असेल,” पाक म्हणाला, “तर तिचं कार्ड गरिबीच्या यादीतून निघतच नाही. ते मालकानं काढायचं असतं. नाव नोंदवायचं, दर महिन्याचा हप्ता भरायचा, मोठा वाटा मालकाचा. झालं. फरशी असू दे, फ्रीज असू दे, कोंबड्या पाळू दे.” त्यानं शिरस्त्राण नीट केलं. “तुम्ही शिबिराला होतात ना, बू? पहिलं सत्र तेच होतं.”

“पहिल्या सत्राच्या वेळी,” बू हळूच म्हणाली, “प्रमाणपत्राचे फोटो चालले होते.”

आणि ती खाली बसली. चांगल्या कपड्यांनिशी, स्वतःच्या तळ्याच्या गाळात. खेकडा तिच्या चपलेवर चढला, तिनं त्याला हाकलला नाही. यू चाचपडत उठली, तिच्यापर्यंत गेली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “जाऊ द्या, बू,” ती म्हणत होती, “थंडगार वाटतं की नाही पायांना?”

त्या आठवड्यात बूनं सगळ्यांची नावं नोंदवली. सहज नाही केलं. सही करताना दर वेळी उसासा टाकायची आणि आम्ही दर वेळी ऐकलं नाही असं दाखवायचो. तट्ट्यामागे मजुरीही वाढवली. किती ते सांगत नाही, कुरांग. पोत्यांशेजारचं टेबल अजून आहे, पण आता त्यावर प्लास्टिकच्या फुलांशेजारी आमची कार्डं असतात. फरश्या यूला परत मिळाल्या. बसवणाऱ्यानं फुलं उलटसुलट बसवली आणि यूला ते दिसलं नाही, म्हणून आम्ही कुणी बोललो नाही.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ईदेच्या आधी झाली. पट्टी काढायच्या दिवशी मी गेले होते, आणि बूही आली होती, रामफळांची टोपली घेऊन. सोबत कुणी नातेवाईक आहे का, असं दारावरच्या परिचारिकेनं विचारलं तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि तशाच आत घुसलो.

डॉक्टर उंच होते, पाठीत वाकून त्यांनी पट्टी सोडवली. यूनं पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आधी मला पाहिलं. “वार्तिनी,” ती म्हणाली, “केवढी म्हातारी झालीस गं!” मग बूला पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तिच्याकडे बघून हसली. मला तर हुंदकाच फुटला.

“छान,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे पुरेसं दिसतंय.”

बूनं माझा दंड घट्ट धरला. यूचं तोंड उघडलं, आणि ते आता कुठल्या आकाराचं होणार हे आम्हा दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

“कुरांग,” यू म्हणाली. आणि डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. “हा राहिला, डॉक्टर. याची तारीख द्या, मग उठते.”

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. “या तुमच्या कोण?”

बूनं टोपली खाली ठेवली. गळा खाकरला. शीर ताठ झाली, ओठ हलले, एकदा काहीच आलं नाही.

“कामगार,” बू म्हणाली. “माझी कामगार आहे. तारीख द्या.”